सोफ्याच्या पोटातलं

उस्ताद आयुष्यात एकच खोटं बोलले. पण ते वर्षातून दोनदा, सलग एकेचाळीस वर्षं बोलले. एवढा सराव झाल्यावर कुणालाही जमेल तसं ते त्यांनाही झकास जमायला लागलं होतं. चेहऱ्यावरची रेघ हलत नसे.

उस्ताद हे त्यांचं बाजारातलं नाव. मागच्या गल्लीत त्यांचं सोफे आणि खुर्च्या नव्याने बांधून देण्याचं दुकान होतं. स्प्रिंगा बसवणं, काथ्या भरणं, वरून कापड असं ताणून शिवणं की शिवण शोधायला भिंग लागावं, या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. घरी मात्र उस्ताद कुणी वेगळंच होतं. त्यांची बायको, जिला लेकीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे आईच म्हणत, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, आणि तिला दोन गोष्टींचा सोस होता. एक कान देऊन ऐकण्याचा आणि दुसरा घर आवरण्याचा.

वर्षातून दोनदा घरात मोठी आवराआवर निघे. कपाटं उघडी पडत, माळे रिकामे होत आणि संध्याकाळी आई एक गच्च भरलेली पिशवी उस्तादांच्या हातात देई. "अहो, हे टाकून या."

उस्ताद निमूटपणे मागच्या दाराने बाहेर पडत. मागच्या अंगणात त्यांची पत्र्याची खोली होती, तिथे दुकानातलं उरलंसुरलं फोम आणि कापडाचे तुकडे असत. त्या तुकड्यांखाली ते पिशवी सरकवत, स्टुलावर बसत आणि घड्याळ लावून बारा मिनिटं काढत. मग हात झटकत घरात.

"टाकलं?"

"टाकलं."

"कुठे?"

"औषधवाल्याच्या कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत."

आणि मग आई जे म्हणे, त्यासाठी उस्ताद वर्षभर वाट बघत. ती शेजारणीला सांगे, बहिणीला फोनवर सांगे, घरी आलेल्या दूधवाल्यालाही सांगायला कमी करत नसे: "या घरात माझं ऐकणारा एकच माणूस आहे." उस्तादांना बाजारात पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, पण या एका वाक्याने त्यांची छाती जशी फुगे तशी कशानेच फुगत नसे. जगात आपलं काही असो नसो, बायकोचा आपल्यावर विश्वास आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

आता प्रश्न असा की सरळ जाऊन टाकायला काय झालं होतं? तर त्यांचा हातच उठत नसे. ज्या माणसाने जन्मभर लोकांचे मोडलेले, पोट फाटलेले सोफे पुन्हा चार पायांवर उभे केले, त्याला एखादी वस्तू संपली हे पटायचंच नाही. म्हणून चार-आठ दिवसांनी आई ड्यूटीवर गेली की उस्ताद ती पिशवी घरात आणत, हॉलमधल्या सोफ्याची मागची शिवण उसवत, आणि पिशवीतलं सगळं एकेक करून सोफ्याच्या पोटात घालत. मग वाकडी सुई, मेणदोरा, आणि अर्ध्या तासात शिवण गायब.

सोफा तिघांचा होता. लग्न झालं त्याच वर्षी त्यांनी स्वतः बांधलेला. एकेचाळीस वर्षांत त्याने चार कापडं बदलली आणि दर कापडाला त्याचा घेर वाढला. डाव्या अंगाला बसलेला पाहुणा उजव्या अंगाच्या पाहुण्यापेक्षा चांगला वीतभर उंच दिसे. मधे बसलेला माणूस फार वेळ बसत नसे. एकदा आईच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडम घरी आल्या. अंगाने भारी बाई, दमून आलेल्या, त्यांनी स्वतःला सोफ्यावर अक्षरशः टाकलं. लगेच त्यांच्या खालून कर्कश घंटा सुरू झाली. थांबेचना. मॅडमच्या हातातला चहा मॅडमच्या मांडीवर.

ते गजराचं घड्याळ होतं. जरा धक्का बसला की वेळ-अवेळ न बघता बोंबलतं म्हणून आईने आदल्याच महिन्यात टाकायला दिलेलं.

"स्प्रिंग आहे," उस्ताद म्हणाले. "जुनी झाली की वाजते."

 आईने बिस्किटांची बशी मॅडमच्या पुढे सरकवली.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना घर सोडायची वेळ आली. आईला जिना झेपेना, उस्तादांचं दुकान बंद होऊन पाच वर्षं झालेली, आणि एवढं मोठं घर झाडून झाडून दोघांचीही कंबर गेलेली. लेकीने तिच्या घराजवळ दोन खोल्यांची जागा बघितली, लिफ्टवाली. आणि मग सामान लावायला ती स्वतः आठ दिवसांची रजा काढून आली. लेकीला लहानपणापासून सगळे फौजदार म्हणत. ते नाव कुणी आणि का ठेवलं हे विचारायची गरज कुणाला पडली नव्हती.

फौजदार आली ती तीन रंगांच्या टिकल्या आणि स्वयंपाकघरातलं टिकटिक वाजणारं टायमर घेऊन. हिरवी टिकली म्हणजे नव्या घरी, पिवळी म्हणजे कुणाला तरी देऊन टाकायचं, लाल म्हणजे बाहेर. प्रत्येक वस्तूला अर्धं मिनिट. तेवढ्यात वस्तूच्या मालकाने सांगायचं की ही शेवटची कधी वापरली. टायमर वाजला आणि उत्तर नाही आलं तर लाल.

"आणि माणसांना कुठली टिकली?" उस्तादांनी विचारलं.

"बाबा, वीस सेकंद राहिले. हा अडकित्ता कशाला हवाय?"

पहिल्या दिवशी, पहिल्या तासात, फौजदारने सोफ्यावर लाल टिकली लावली. टायमरसुद्धा लावला नाही. 

उस्तादांनी आधी साधा उपाय केला. हॉलच्या कोपऱ्यात त्यांनीच बांधलेल्या दोन गोल बैठका होत्या, पिंपासारख्या गुबगुबीत. त्यांना फौजदारने हिरवी टिकली दिली होती. दुपारी सगळी जेवत असताना पाणी प्यायच्या निमित्ताने उस्ताद हॉलमध्ये गेले आणि टिकल्यांची अदलाबदल करून आले. पाच मिनिटांत समोरच्या पानावरून हाक आली.

"बाबा!"

"काय गं?"

"तुमच्या बोटाला टिकलीचा डिंक आहे."

मग त्यांनी पाठीचं दुखणं काढलं. डॉक्टरांनी या सोफ्यावर बसायला सांगितलंय म्हणाले. फौजदारने डॉक्टरांना फोन लावला. मग त्यांनी इतिहास काढला. याच सोफ्यावर तू पहिल्यांदा धरून उभी राहिलीस वगैरे. फौजदार म्हणाली, "आणि याच सोफ्यावरून पडून माझा दात तुटला. काहीतरी कडक होतं आत." शेवटी ती टेप घेऊन आली आणि नव्या घराच्या दाराचं माप दाखवलं. सोफा चार बोटं जास्त होता. ती बाथरूममध्ये गेल्यावर उस्तादांनी स्वतः पुन्हा मापून बघितलं. चार बोटं.

सरळ मार्ग एकच होता. आईला सांगून टाकायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांनी मनाचा हिय्या केला, चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि घसा खाकरला. आई वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत होती आणि फौजदारला झाडत होती.

"एक वस्तू टाकायला तुला दहादा विचारावं लागतं. बाबांचं शिक जरा. एकदा सांगितलं की टाकून येतात. एकेचाळीस वर्षांत एकदासुद्धा कुरकूर नाही. या घरात माझं ऐकणारा..."

उस्तादांनी चहा तिथेच ठेवला आणि बाहेर आले. हे वाक्य आता आपल्या कानांवर पुन्हा कधी येणार नाही, या विचाराने त्यांना खरोखर रडू आलं असतं, पण फौजदार मागोमाग टायमर घेऊन आली होती.

आणि गुपचूप सोफा रिकामा करावा, तर तेही जमेना. फौजदारने त्याच सोफ्यावर आपलं ठाणं मांडलेलं. याद्या तिथे, खोकी तिथे, झोपणं तिथे. ("बाबा, याच्यावर झोपून माझी पाठ मोडली, आणि तुमची म्हणे बरी होते!") शिवाय उस्तादांकडे हत्यारं नव्हती. दुकान बंद केलं त्या दिवशी त्यांनी रागाच्या भरात हत्यारांचा कातडी गुंडाळा, वाकड्या सुया, हातोडी, सगळं, दुकानाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगावर फेकून दिलं होतं. संपलं आता, म्हणाले होते. आयुष्यात त्यांनी खरोखर टाकलेली तेवढी एकच गोष्ट. दुसऱ्या दिवशी ते बिचकत बिचकत बघायला गेले होते, ढीग उचललेला होता. त्या गुंडाळ्याचं नाव मग त्यांनी कधी काढलं नाही. तेव्हापासून सोफ्याची मागची शिवण ते घरातल्या साध्या सुईने कशीबशी घालत, आणि त्यात अख्खी दुपार जाई.

रविवारी चार वाजता जुन्या सामानाचा व्यापारी टेम्पो घेऊन यायचा ठरला. उस्तादांनी शनिवारभर डोकं चालवलं आणि त्यांना एक भन्नाट युक्ती सुचली. इतकी भन्नाट की जेवताना ते एकटेच दोनदा हसले. व्यापारीच सोफा नको म्हणाला तर? मग पुढचा व्यापारी मिळेपर्यंत चार दिवस जातील, फौजदार मधे एखाद दिवस तिच्या घरी जाईल, आणि कात्री तर स्वयंपाकघरात आहेच.

रविवारी व्यापारी आला. उस्तादांचा जुना ओळखीचा. दुकानातून पुष्कळदा मोडके सांगाडे घेऊन गेलेला. उस्तादांनी त्याला जिन्यातच गाठलं, दंडाला धरून कोपऱ्यात घेतलं आणि कानाशी लागले.

"तुला म्हणून सांगतो, आपले जुने संबंध आहेत. सोफ्यात ढेकूण आहेत."

"ढेकूण?"

"हजारो. बाकीचं ने, पण तो नको नेऊस. तुझं सगळं गोदाम जाईल."

व्यापाऱ्याने हनुवटी खाजवली आणि वर आला. सोफ्याभोवती एक फेरी मारली. खाली वाकून लाकडावर बोटाने टकटक केलं.

"उस्ताद, काळजीच नको," तो मोठ्याने म्हणाला. "मला कापड-बिपड नकोच. लाकूड तुमच्या हातचं आहे, ते सोडणार थोडाच. ढेकूण असले तर पोट इथेच फाडतो, घाण तुमच्याकडे, सांगाडा माझ्याकडे." आणि त्याने खिशातून वीतभर पात्याचा चाकू काढला.

ढेकूण हा शब्द ऐकून सोफ्यावर बसलेली फौजदार जी उडाली ती थेट दाराशी. "आई! आपल्या घरात ढेकूण आहेत!"

"अशक्य," आतून आवाज आला, आणि पाठोपाठ आई. तिच्या घरात ढेकूण म्हणजे तिच्या चाळीस वर्षांच्या केरसुणीचा अपमान होता. "कोण म्हणालं?"

व्यापाऱ्याने उस्तादांकडे बघितलं. फौजदारने उस्तादांकडे बघितलं. उस्ताद वर पंख्याकडे बघत होते.

व्यापाऱ्याने चाकूचं टोक मधल्या गादीवर टेकवलं. आता मात्र उस्तादांच्याने राहवेना. चाकू आत गेला तर काय काय कापलं जाईल हे त्या खोलीत फक्त त्यांनाच माहीत होतं. निदान तशी त्यांची समजूत होती.

"थांब. ठेव तो चाकू. मी बांधलाय, मीच उघडतो."

त्यांनी स्वयंपाकघरातली कात्री मागवली, गुडघे टेकले आणि मागची शिवण सोडवायला घेतली. एकेक टाका जागच्या जागी सुटत होता. कापड बाजूला झालं. आधी काथ्या आला. मग फोम आलं. आणि मग एकेचाळीस वर्षं बाहेर यायला लागली.

सासऱ्यांचा एका काचेचा चष्मा. कान तुटलेला चिनी मातीचा ससा. गजराचं घड्याळ. न्हाणीघराच्या जुन्या दाराची कडी. लेकीचा लाल बूट, एकच, तळहाताएवढा. पावसात भिजून फुगलेला अल्बम, ज्यातले सगळे लोक आता जांभळे झाले होते. मूठ नसलेली छत्री, नंतर छत्री नसलेली मूठ. ही दोन वेगवेगळ्या वर्षांची. फौजदारच्या चौथीच्या वर्गाचं प्रगतिपुस्तक.

ढेकूण एकही नव्हता.

फौजदारने दाराजवळून मान पुढे काढली, मग दोन पावलं आली, मग फतकल मारून बसली. "बाबा, हे सगळं आईने टाकायला दिलेलं ना? टाकलं म्हणून सांगायचात तुम्ही!" तिने प्रगतिपुस्तक उचलून उघडलं. तिची नजर खाली खाली गेली आणि एका ओळीवर थांबली. उस्तादांना ती ओळ पाठ होती. टापटीप: सुधारणेला भरपूर वाव. फौजदारने पुस्तक मिटलं आणि कुणी बघत नाहीसं पाहून पर्समध्ये टाकलं.

उस्तादांनी मात्र मान वर केलीच नाही. स्वयंपाकघराच्या दारात आईचे पाय दिसत होते, ते हलत नव्हते. काहीतरी बोल, असं त्यांना वाटत होतं. ओरड, निदान. 

फौजदारने सूत्रं हातात घेतली. "लाल. सगळंच्या सगळं लाल. मी यांच्या टेम्पोतून पहिली खेप नव्या घरी टाकून येते. सांगाडा दुसऱ्या खेपेला नेतील. दोन तासांत परत येते, तेव्हा या खोलीत यातलं काही दिसता कामा नये. आई, तू जातीने बघ. बाबांवर सोडू नकोस."

व्यापारी खोकी उचलून निघाला. जाता जाता उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवून गेला, एखाद्याच्या घरी वाईट झालं की ठेवतात तसा.

दार लागलं. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, लांब गेला. उस्तादांनी उगाच गजराच्या घड्याळाला चावी दिली. चालायला लागलं. ते बाजूला ठेवून त्यांनी घसा साफ केला.

"मी खोटं बोलत आलो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "एकदाही टाकलं नाही काही. तू लोकांना सांगायचीस की हे माझं ऐकतात, आणि मी..."

"डावा हात राहिलाय," आई म्हणाली.

"काय?"

"सोफ्याचा डावा हात. तो उघडला नाहीत अजून." ती येऊन त्यांच्या शेजारी बसली, गुडघा धरून, हळूच. सोफ्याच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, नेमक्या जागी, तिने नख लावलं. "इथून कापा."

उस्तादांनी कापलं. आईने आत कोपरापर्यंत हात घातला आणि एक दाढी बाहेर काढली. काळी, घनदाट, कानाला अडकवायच्या तारेसकट.

ती दाढी उस्ताद ओळखत होते. ऑफिसच्या नाटकात आईने न्यायाधीशाचं काम केलं होतं, आणि भर निकालात दाढीचा एक कान सुटून ती छातीवर लोंबायला लागली होती. सगळं सभागृह हसून लोळलं. घरी आल्यावर आईने ती त्यांच्या अंगावर फेकली होती. टाकून द्या, पुन्हा डोळ्यांसमोर नको. उस्तादांना तेव्हा सांगायचं होतं की त्या सबंध स्टेजवर तुझ्याइतकं रुबाबदार कुणी दिसत नव्हतं, पण तिचा अवतार बघून ते गप्प बसले आणि दाढी डाव्या हातात शिवून टाकली.

"तुला कधीपासून माहीत?" त्यांनी विचारलं.

"मॅडम बसल्या त्या दिवसापासून. तीस वर्षं घंटा कुठून वाजतेय हे ओळखायचा पगार घेतला मी. स्प्रिंग म्हणे!" आईने दाढीतला काथ्या झटकला. "आणि तुम्ही पेटी कुठली सांगता?"

"औषधवाल्याच्या कोपऱ्यावरची."

"ती तिथून हलवून सोळा वर्षं झाली."

उस्तादांचं तोंड उघडं राहिलं. सोळा वर्षं म्हणजे बत्तीस वेळा. बत्तीस वेळा आपण बायकोला तोंड वर करून नसलेल्या पेटीचा पत्ता दिला. त्यांना हसावं की रडावं कळेना, आणि थोडा रागही आला.

"मग मला बारा बारा मिनिटं त्या पत्र्याखाली कशाला बसवलंस? एप्रिल-मे महिन्यात?"

"तेवढीच घरात शांतता."

"आणि मी टाकत नाही हे कळल्यावरही माझ्याकडेच द्यायचीस?"

"म्हणजे काय! खरंच टाकायचं असायचं ते मी ऑफिसला जाता जाता स्वतः टाकायचे. तुमच्याकडे द्यायचे ते ठेवायला." ती दाढीवरून हात फिरवत राहिली. "डोळ्यांसमोर नको वाटायचं, आणि टाकवायचंही नाही. असलं घेऊन माणसाने जायचं कुठे?"

 मग उस्तादांनी जे विचारायचं होतं तेच विचारलं. "मग ते सगळ्यांना सांगायचीस ते? माझं ऐकणारा एकच माणूस, ते?"

"ते खोटं आहे का?" आईने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "मी 'टाका' म्हणायचे आणि तुम्ही 'ठेवा' ऐकायचात. इतकी वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली मी, पण एवढं नीट ऐकणारा माणूस दुसरा नाही बघितला."

असं म्हणून तिने दाढी कानांना अडकवली आणि निकाल दिल्यासारखी बसून राहिली. उस्तादांना हसू आवरेना, आणि डोळे पुसायला कात्री खाली ठेवावी लागली.

"हसू नका. तास-दीड तासात फौजदार येईल," दाढी म्हणाली. "त्या दोन गोल बैठकांना हिरवी टिकली आहे ना?"

उस्तादांनी बैठकांकडे बघितलं. पिंपाएवढ्या, आत नुसतं फोम. त्यांच्या डोक्यात सगळा हिशेब बसला आणि तेवढ्यात पुन्हा विस्कटला. "अगं, पण त्यांचं कापड जाड. साध्या सुईने नाही शिवता येणार. वाकडी सुई लागेल, आणि माझी हत्यारं तर मी..."

आई उठली, सोफ्याच्या तळाशी गेली आणि खालचं कापड ओढलं. तिथली शिवण उस्तादांची नव्हती. मोठमोठे, सरळ, उशीच्या अभ्र्याला घालतात तसले टाके. गेल्या पाच वर्षांत त्यांनी सोफा उलटा केलाच नसल्यामुळे त्यांना दिसलेच नव्हते. टर्रकन कापड निघालं आणि कातडी गुंडाळा जमिनीवर पडला.

उस्तादांनी तो लगेच उचलला नाही. मग उचलला, पट्टा सोडला. सुया होत्या. हातोडी होती. दांड्यावर त्यांच्या अंगठ्याचा खळगा होता.

"ढिगावरून आणलास?"

"तुम्ही फेकलात आणि रागारागात घरी गेलात. मी मागे थांबले होते." आईने नाक ओढलं, दाढीचे केस नाकात जात होते. "टाके वाईट आहेत, माहीत आहे मला. बोलायचं काम नाही."

 उस्तादांनी सर्वांत लांब वाकडी सुई काढली, अंगठ्यावर टोचून टोक बघितलं आणि आईसमोर धरली. आईने मेणदोरा ओवून दिला. आणि मग पाच वर्षांत पहिल्यांदा त्या घरात उस्तादांचा हात मनासारखा चालला. बैठका उसवल्या, फोम बाहेर, ससा आत, बूट आत, चष्मा बुटात, जांभळी माणसं बुडाशी, कडी फोमच्या तुकड्यात गुंडाळून, म्हणजे खुळखुळणार नाही. आई एकेक वस्तू हातात देत होती आणि कुठे ठेवायची ते सांगत होती. उस्ताद तिचं सगळं ऐकत होते. छत्रीवर मात्र त्यांचं वाजलं. मूठ ठेवायची की छत्री? शेवटी दोन्ही बसल्या.

उरलेलं फोम आणि काथ्या त्यांनी एका मोठ्या पोत्यात भरलं. पोतं टम्म फुगलं. दाराशी जाऊन उस्ताद थबकले आणि मागे वळले.

"पेटी कुठे आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"शाळेच्या फाटकासमोर."

ते परत आले तेव्हा फौजदार हॉलच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती. सोफ्याचा उघडा सांगाडा, झाडलेली फरशी, कोपऱ्यात दोन बैठका. आईच्या हनुवटीला एक काळा केस चिकटला होता, तो उस्तादांनी खूण करून काढायला लावला.

"टाकलं?" फौजदारने विचारलं.

"टाकलं."

"सगळं? कुठे?"

"शाळेच्या फाटकासमोरच्या पेटीत," उस्ताद म्हणाले. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा पत्ता बरोबर होता.

फौजदारने आईकडे बघितलं. "मी स्वतः बघितलं," आई म्हणाली. "पोतं भरून गेलं. बाबांना एकदा सांगितलं की झालं."

फौजदारने समाधानाचा सुस्कारा सोडला. दिवसभर खोकी उचलून तिचे पाय गेले होते. तिने पर्स खांद्यावरून काढली आणि जवळच्या गोल बैठकीवर अंग टाकलं.

बैठकीतून घंटा वाजायला लागली. कर्कश, खणखणीत, ताज्या चावीची. थांबेचना.

उस्तादांनी पंख्याकडे बघितलं. पंखा फौजदारने पहिल्या खेपेतच काढून नेला होता, तिथे नुसता आकडा होता. तरी ते बघत राहिले.

"स्प्रिंग आहे," आई म्हणाली. "जुनी झाली की वाजते."

फौजदारने आईकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, त्यांच्या मागे खिडकीत पडलेल्या वाकड्या सुईकडे बघितलं. मग खाली वाकून बैठकीच्या शिवणीवर बोट फिरवलं. शिवण सापडेना. घंटा वाजून वाजून थकली आणि थांबली. फौजदारचा टायमरवाला हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

मग तिने पर्स उघडली, चौथीचं प्रगतिपुस्तक काढलं, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि उस्तादांच्या पुढे धरलं.

"बाबा," ती म्हणाली, "हे जरा टाकून या."